लस रद्द

मोबाईलवर विसंबू नका, येऊन विचारत जा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. करुणानं ते हसण्यावारी नेलं. 'लस रद्द' असा मेसेज आला आणि ती बाळासह घरीच राहिली. पंधरा दिवसांनी आज 'या' असा मेसेज आला. ती दवाखान्याच्या बाकावर बसली, तेव्हा शेजारच्या खोलीत हे मेसेज पाठवणारं ॲप बनवणारे रिता आणि कुंदन भांडत होते.

"टेस्टिंगचा सर्व्हर तुझ्याच लॅपटॉपवर चालव, खोटी नावं टाक, असं सांगतलं होतं ना तुले?"

"तो सुरूच होत नव्हता, ताई. मंग ॲपले खऱ्या सर्व्हरचा पत्ता दिलो. 'लस रद्द'चं एक बटण तं दाबून पाहिलो."

"अन् मेसेज गेला चाळीस बायांले! लेकरं का तुझ्या टेस्टिंगसाठी जन्मले?"

"आज दुसरा पाठवलो ना."

"पंधरा दिवस लपवून! सगळ्यायले पोचला?"

"एकीचा फोन बंद आहे. करडीची विजयमाला. जुळे आहेत तिले."

"मंग जा ना करडीले!"

"आज? दुपारी साहेबायले ॲप दाखवाचं आहे."

"आग लाव त्या ॲपले!"

खुर्ची सरकल्याचा आवाज काही आला नाही.

करडीतलं कोणी हे वाचत असेल, तर आधी विजयमालाच्या घरी जा. जुळ्यांना लस टोचली का, विचारा.