चेंडू आमच्या ह्यांच्या हातात

…तर मग टाकायला काय होतं, मी म्हणते! तुम्हाला सांगते, बास्केटबॉल चांगला खेळतात म्हणून मिलनं ह्यांना नोकरी दिली, त्याला दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षांत ह्यांनी चेंडू जाळीत घातला किती वेळा? हाताची बोटं उरतील! विचारलं तर म्हणतात, "मी गार्ड हाय. चेंडू अडवायचा, आणायचा, पुढं द्यायचा." द्यायचा! चेंडू हातात आला की दिला दुसऱ्याला!

मामंजींचं आणखी निराळंच. उभा जन्म तालमीत गेलेला. ताटावर बसले की रोज, "काय रं, आज तरी कुणाला पाडलास काय?"

"आप्पा, पाडलं तर खेळातनं काढत्यात."

"मग असल्या खेळाला बदाम कशाला चारायचं रं?"

पण माझी काळजी वेगळीच. मिल वर्षातनं एकाच खेळाडूला कायम करते. कायम झाला की क्वार्टर! दोन खोल्या, दारात नळ! नाहीतर उद्या पाय मुरगळला की नोकरी संपली. रोज संध्याकाळी मांडीवर सात महिन्यांचं पोर घेऊन मी नुसती पावलं ऐकत बसते, चाल सरळ आहे ना, लंगडत तर नाहीत ना… आणि हसू नका हं, धीर निघेना म्हणून क्वार्टरच्या खिडक्यांचं माप आणून मी पडदेसुद्धा शिवून ट्रंकेत ठेवले. निळ्या फुलांचे!

आता कायम कुणाला करायचं हे ठरवणार साहेब. त्याला खेळातलं काय कळतंय? जाळीत कुणी घातला, तेवढंच बघतो, आणि घालतो तो ह्यांच्या संघातला सयाजी. आणि आमचे हे? चेंडू हातात आला की दिला दुसऱ्याला!

रविवारी सांगलीकरांशी शेवटचा सामना. दोन्हीकडं गुण सारखे, अर्धं मिनिट राहिलेलं, चेंडू ह्यांच्या हातात, समोर जाळी, साहेब खुर्चीवरनं उठलेला… पुढच्याच ओळीत मामंजी बसलेत हे मी मेली विसरले, डोक्यावरचा पदर कुठं, काखेतलं पोर कुठं, ओरडले की, "अहो टाका! टाका की!" अख्खं मैदान वळून बघतंय. मामंजी म्हणाले, "त्याच्याऐवजी हिलाच उतरवाय पायजे हुती!" ह्यांनीही बघितलं माझ्याकडं. बघितलं, आणि… दिला सयाजीला! सयाजीनं टाकला, जिंकले, सयाजी लोकांच्या खांद्यावर, आणि सोमवारी सयाजी कायम!

"का दिलात?" म्हटलं.

"सयाजी मोकळा हुता."

बस! एवढंच! आणि वर भाकरी मागितली! मी आपटलीच ताटात!

काल सयाजीची बायको चिमणाबाई पेढे घेऊन आली. चांगलं तोंडावर बोलायचं ठरवलं होतं मी. तर दारातच डोळ्याला पदर लावून म्हणते, "वैनी, क्वार्टर मिळाली खरं, पर खिडक्या ह्या एवढाल्या! लेकरू पाजाय बसलं की समदा रस्ता आत बघतोय. काय करू वो?"

मी ट्रंकेकडं बघितलं. आमच्या खोलीला तर खिडकीच नाही…

रात्री ह्यांना ट्रंक रिकामी दिसली. "पडदं कुठं गेलं?"

मी म्हटलं, "चिमणाबाई मोकळी होती!"