कारण : गरम चहा

आजच्या निवृत्ती-समारंभाचे अध्यक्ष, गावचे वडीलधारे बेक्तुरआता, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले जिल्ह्याचे पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर तोलेगेन, आणि समोरच्या माझ्या लेकीसुनांनो,

पेशंटांच्या वतीनं चार शब्द बोलायला मला उभं केलंय. माझ्याहून लायक माणसं होती हो, पण ती सगळी टेकडीवरच्या कबरस्तानात आहेत.

डॉक्टरांच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेचं वर्णन काय करावं? पलीकडे माळावर अणुचाचण्या व्हायच्या, जमीन हलायची, फडताळातल्या वाट्या फुटायच्या. डॉक्टरांच्या वहीत कारण मात्र एकच : गरम चहा! गळ्याला गाठ? चहा. रक्ताचा कर्करोग? चहा. मूल बोटांविना जन्मलं? आई चहा पीत असणार!

आणि आम्ही शहाणे! कझाखाच्या घरात चहा नाही, असं कधी ऐकलंय? मी चहाचं पाणी उकळायचा समोवार गोठ्यात नेऊन ठेवला. शेवटच्या दिवसांत आमचे काबिदेन विनवायचे, "रौशान, एक घोट दे गं." मी दिला नाही. डॉक्टरांची मनाई होती ना! कोमट पाणी पिऊन गेला माझा माणूस. साहेब, तेवढं मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

असो. आज शुभ दिवस. हा मखमली चपान, मानाचा झगा, डॉक्टरांच्या खांद्यावर घालायचा मान मला दिलाय. त्याआधी एक काम. आयझान, ऊठ बाळ. गळ्यावरचा रुमाल काढ, लाजू नकोस. ही माझी नात. चाचण्यांनी आजारी पडलेल्यांवर शहरात फुकट उपचार होतात, पण गावच्या डॉक्टरांनी दाखल्यावर कारण लिहायला हवं. तीनदा गेली, तिन्ही वेळा "चहा" लिहून आणलं, शहरानं परत पाठवलं. अहो, आजोबा गेले त्यानंतरचा हिचा जन्म. आमच्या घरात चहा होतच नाही. या पोरीनं तो आयुष्यात चाखलेला नाही!

हा कोरा दाखला, हे पेन. काय म्हणालात साहेब? "रौशान-अपा, नंतर ऑफिसात बघू"? उद्या ऑफिस दुसऱ्याचं. आज तुमची सही चालते. आम्ही थांबतो.

अध्यक्षांनी म्हातारीला इतका वेळ सहन केलं, त्यांचे आभार. जीभ सैल सुटली असेल तर पोटात घाला. टाळ्या मात्र इतक्यात नकोत. डॉक्टर लिहिताहेत, आणि मला वाचता येतं.