काकाच्या हातातला लायटर

तुम्ही हसाल, पण माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीला काकाने भर आरतीत काडी लावली.

मी पीएचडीसाठी प्रयोगशाळेत चिनीमातीसारख्या पांढऱ्या चकत्या बनवते. दाब दिला की त्या वीज देतात. एरवी अशा चकत्यांत शिसं असतं, आमच्या बिनशिशाच्या. दोन वर्षं खपून चार चांगल्या जमल्या. चवथीला गोव्यात साखळीला घरी आले, तेव्हा सरांना देण्याआधी डबी गणपतीपुढे ठेवली. आमच्याकडे नवीन वस्तू आधी तिथंच जाते.

आरतीला मातीच्या घुमटाचा ठेका रंगात आला आणि काकाने माझी डबी उघडून एक चकती आरतीच्या ताटात ठेवली. वर लांब दांड्याचा लायटर धरला. चकती काळी पडली, पण पेटेना.

"बाय, कापूर खंयचा हाडलास गे?" कुठून आणलास, असं काकाने मलाच विचारलं.

"काका, तो कापूर नव्हे! माझी चकती ती! जास्त तापली तर वाया जाईल!"

घुमट थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मग हे करतं काय?" काकाने विचारलं.

"तुझ्या लायटरचं बटण दाबलं की ठिणगी पडते ना, ती अशाच तुकड्यामुळे. फक्त त्यात शिसं असतं."

काकाने लायटर टक्क करून पाहिला, मग ताटातल्या काळ्या चकतीकडे पाहिलं.

"म्हणजे शिशाची ती दुसऱ्याला पेटवते, आणि तुझी स्वतः पेटतसुद्धा नाही! दोन वर्षं केलंस काय गे?"

पुढच्या महिन्यात माझे परीक्षकही हेच विचारणार आहेत, फक्त इंग्रजीतून.