खालून चार, आतून तीन

—नाही, नाही, तू उंबऱ्यावरच थांब आणि तिथूनच बोल. कुठून आलास म्हणालास? बंबखान्यातून? मग बंब कुठाय? आग कुठाय? इथे आग आहे ती माझ्या चुलीत, ती पहाटे मीच पेटवते आणि मीच विझवते, त्याला म्युन्सिपाल्टीचा माणूस लागत नाही. अख्ख्या लालबागेत कोणाला पण विचार शेवंतीची खाणावळ — चौदा गिरणीवाले दोन वेळ जेवतात माझ्याकडे, कोणाच्या भातात कधी खडा आला नाही आणि कोणाच्या सदऱ्यावर कधी ठिणगी पडली नाही. काय? आग लागायच्या आधीच बघून ठेवायचं? हे बरंय की! उद्या माणूस मरायच्या आधी खांदेकरी पण पाठवा.

आलास आत? न विचारता आलास. तुम्हा सरकारी माणसांना उंबरा दिसतच नाही. तुला म्हणून सांगते, या महिन्यात माझ्या घरात तीनदा तपासणी झाली — गाठीच्या तापाची, त्या पलेगाची. पहिल्या वेळी गोरे शिपाई, बूट घालून थेट चुलीपर्यंत. मग डाक्टर. माझ्या चौदा जणांना रांगेत उभं केलं आणि काखेत हात घालघालून बघितलं, जशी काय बाजारातली गुरं. शेजारच्या मीराबाईच्या नवऱ्याला इस्पितळात नेला तो परत आला नाही, तिला नेली छावणीत, गोधड्या रस्त्यावर टाकून जाळल्या, डोक्यावरची कौलं उतरवली आणि दारावर लाल खूण करून गेले. तुम्ही आग विझवणारे ना? मग तिच्या गोधड्या जळत होत्या तेव्हा कुठे होतात रे? तेव्हा नाही आला तुमचा बंब घंटा वाजवत!

तू त्यांच्यातला नाहीस म्हणतोस. असशील. बोलतोस तर आमच्या बाजूचा — देवगडचा? मग मालवण काय लांब आहे. पण पगार एकाच म्युन्सिपाल्टीचा ना? मग झालं तर.

हां, घासलेटचा डबा. तो चुलीजवळ नसतो कधी, आज घाईत राहिला — हा घे, हलवला. वरची दोरी? अरे, चौदा जणांचे पंचे वाळत घालायचे कुठे, तुझ्या डोक्यावर? बरं, काढते दोरी. झालं समाधान? आणि फळीला हात कसला लावून बघतोस? चुलीपाठची फळी आहे, गरम असणारच, माझी चूल काय बर्फाची आहे? — कुठे? इथे? ...अगो बाई. काळी पडलीय होय आतून? मी रोज इथेच बसते, मला कधी कळलं नाही. असेल. पण त्या लाकडांना हात लावायचा नाही. फळीला चिकटलीत तर चिकटू देत, मीच रचलीत, खालपासून आढ्यापर्यंत. हात नाही लावायचा म्हणते ना! का म्हणजे? माझं घर, माझी लाकडं. आत विंचू असतील, तुला चावला तर तुझी बायको माझ्या नावाने बोटं मोडत येईल.

आता काय मोजतोस? खिडक्या? मोज. एक, दोन, ही तिसरी. तीन. — काय? खालून चार?

गल्लीत उभा राहून खिडक्या मोजून आलास?

चौथी मीराबाईची असेल. — तिच्या सोडून मोजल्यास? शिरा पडो तुझ्या मोजण्यावर! शिपायांनी नाही मोजल्या, डाक्टरने नाही मोजल्या, त्यांनी लाकडांवर काठी आपटली आणि गेले. तुला कोणी शिकवलं हे? धुरात काही दिसत नाही म्हणून? शिडी कुठे लावायची ते आधी ठाऊक हवं म्हणून? मोठा शहाणा.

बरं. आहे. हो, आहे! लाकडांपाठी कोठी आहे आणि कोठीत माझा पंधरावा माणूस आहे. लिही तुझ्या वहीत, मोठ्या अक्षरात लिही! जयवंत नाव त्याचं, गिरणीत कापडाच्या साच्यावर काम करतो, वीस वर्षांचा नाही अजून. मालवणच्या धक्क्यावर आगबोटीत चढवताना त्याच्या आईने त्याचा हात माझ्या हातात दिला — म्हणाली, शेवंती, आजपासून हा तुझा. आता तूच सांग, मी त्याला त्या रोगी उचलायच्या पालखीत घालून इस्पितळात पाठवू? आणि त्याच्या आईला काय कळवू, तो कुठे जाळला ते पण ठाऊक नाही म्हणून? चौदाही जणांना माहीत आहे. लाकडं त्यांनीच वाहून आणलीत, एकाने तोंड उघडलं नाही. मी दिवसातून दोनदा चार मोळ्या काढते, पेज आत देते, परत लावते. आणि साधा ताप आहे हो, परवापासून उतरला पण, गाठ पण बसत आली— म्हणजे गाठ नव्हतीच. थोडी सूज होती. पडला होता तो गिरणीत.

सरकलास ना पाठी? सरक. सगळेच सरकतात. मी अकरा दिवस त्याची मान मांडीवर घेऊन पेज पाजते, मला काय झालंय बघ! ठणठणीत आहे.

काय म्हणालास? परत बोल. ...आग लागली तर तो कुठून बाहेर येईल?

कुठून म्हणजे — मी आहे की. मी काढेन. मोळ्या उपसायला किती वेळ लागतो? माझं पोर आहे ते, मी त्याला सोडून जाईन का? मी काय—

नाही. खोटं कशाला बोलू. गेल्या मंगळवारी पाठच्या गवताच्या वखारीला आग लागली ना, तुम्ही आला होतात तीच — तेव्हा धूर असा आला की माझा हात मला दिसेना. चाळीत ओरडा झाला आणि मी धावले. जिना कसा उतरले ठाऊक नाही. खाली रस्त्यावर उभी राहिले तर हातात मसाल्याचा डबा. माझा एकेक माणूस मोजला मी, नावाने हाका मारून. चौदा भरले. भरले म्हणून मी हात जोडले रे देवाला! आणि मग आठवलं. परत वर जायला निघाले तर तुमच्याच माणसाने जिन्यात अडवली, आणि त्याला सांगणार काय? वर कोण आहे म्हणून सांगू? गप्प उभी राहिले. तुम्ही आग विझवलीत तोवर गप्प उभी राहिले मी, डबा धरून.

वर येऊन मोळ्या उपसल्या तर कोपऱ्यात तोंडाला ओला पंचा लावून बसला होता. म्हटलं, मेल्या, हाक का नाही मारलीस? तर म्हणतो, मावशी, खाली लोक होते, ऐकलं असतं कोणीतरी.

हे मी कोणाला सांगितलं नाही. चौदातल्या एकाला पण नाही. आणि तुला सांगून बसले, नाव पण ठाऊक नाही तुझं. रडत नाहीये मी, चुलीचा धूर आहे. तू नको मला शहाणपणा शिकवू. मी लपवला म्हणून तो जगला — हे कोणी डाक्टर येऊ दे, त्याच्या तोंडावर सांगेन. लपवणार. तो चालायला लागेपर्यंत लपवणार. पण लाकडांत नाही. लाकडांत चुकलं माझं, ते कबूल.

वाकलास कशाला? ठेव ती मोळी. मी रचली, मीच काढणार. लाकडं जातील खाली परसात, भिजली तर भिजली. दोरी इथे कोठीच्या दारासमोर बांधते आणि पंचे टाकते त्यावर, चौदाच्या चौदा, ओले. आतून एका हाताने बाजूला करता येतील त्याला. चालेल? मान डोलावतोस म्हणजे चालेल. वही मिटलीस? बरं केलंस. उद्या उघडलीस तर मी बंबखान्यात येऊन बसेन, सांगून ठेवते, चौदा जणांना घेऊन येईन.

आता इथे उभा राहू नको. जिन्याच्या तोंडाशी जा. अंगावरचा डगला सरकारी आहे ना? मग एकदा तरी आमच्या कामाला येऊ दे. माझ्या मोळ्या उपसून होईस्तोवर शिपाई येऊ दे, डाक्टर येऊ दे, कोणी पण वर यायला लागला तर आडवा हो आणि सांग — बंबखान्याची तपासणी चालू आहे, कोणाला वर सोडायचा हुकूम नाही. बघतोस काय? जा म्हणते ना!