माझ्या त्यागाचा सत्कार

माझं माहेर निरगुडसर. नववीत व्हते, पाव्हण्यांना चहा देऊन मागं वळले तर सुपारी फुटलेली, अशी मी कळंबला आले. मालक, म्हणजे माझा नवरा, गावच्या दूध डेअरीत डायरेक्टर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आन् बोलायला असा गोड की म्हशीनं दूध वाढवावं.

पोरगं दहावीला गेलं तवा मी मंचरच्या अभ्यासकेंद्रात नाव घातलं, मुक्त विद्यापीठाचं, तिथं अर्धी शाळा सोडलेल्यांनाबी बीए करता येतं. वर्ग रविवारी. वर्गात एक हवालदार, अंगणवाडीच्या बाया, एक टेलर, सगळ्यांना चष्मा. जवळून फळा दिसत न्हाई म्हणून मागं बसायचं भांडण. मालकांची काही ना नव्हती, रविवारचं काय, लग्नाला गेल्यागत जायचं आन् यायचं. पण बीए झाले आन् पुण्याच्या विद्यापीठात एमएला नंबर लागला, इतिहासाला. तिथं रोज जायाचं, सकाळच्या एसटीनं.

तेवढ्यात आत्याबाईंची, माझ्या सासूची, एक बाजू लकव्यानं गेली. भरवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडं. मी मालकांना म्हणाले, सकाळचं तुमी बघा, संध्याकाळी मी येतेच. मालक हसून म्हणाले, बघू ना, घाई काय. प्रवेशाची शेवटची तारीख परवावर आली तरी आपलं बघू ना.

आन् बीए झाले म्हणून गावात माझा सत्कार ठरला. आमच्याकडं सत्काराची लई हौस, राव, म्हातारी काशीला जाऊन आली तरी मांडव. फ्लेक्सवर मी इवलीशी, आन् मालक कमरेपर्यंत, कानाला मोबाईल लावून. आत्याबाईंनाबी खुर्चीसकट उचलून पुढच्या रांगेत ठेवलं.

सरपंच मालकांना म्हणाले, दोन शब्द बोला. मालक उठले, गळा दाटून आणला, आन् म्हणाले, आमच्या हिनं आईच्या सेवेसाठी विद्यापीठावर पाणी सोडलंय. काय सांगू भाऊ तुमाला, टाळ्याच टाळ्या. बायांनी पदर डोळ्याला लावले. मला कुणी काही विचारलंच नव्हतं, आन् माझ्या खांद्यावर शाल पडली ती त्या त्यागाची.

आमच्याकडं स्टेजवर बोललेलं घरी नेऊन मोडता येत न्हाई, मोडलं तर गाव तोंडात शेण घालतं. हे मालकांना ठावं व्हतं. मलाबी ठावं व्हतं की.

मी माइक मागितला. आधी रडले. शाळेच्या नाटकात मरायचं काम कायम माझ्याकडं असायचं, रडणं तर त्याहून सोपं. मग म्हणाले, मालक देवमाणूस, स्वतःचं कधी सांगायचे न्हाईत, म्हणून मी सांगते. ह्यांची डेअरीची चेअरमनकी पक्की व्हती, पण कालच मला म्हणाले, चेअरमनकी नको, आईनं मला जन्म दिलाय, तिचं मी करीन, तू शिक. त्यांचं मन मोडायचं पाप माझ्याच्यानं व्हनार न्हाई. मी पुण्याला जाणार.

मांडवावरची कबुतरं उडाली, अशा टाळ्या. सरपंचांनी दुसरी शाल मागवली. चेअरमनकीला मालकांच्या विरोधात असलेला माणूस पळत आला आन् सगळ्यात मोठा हार त्यानंच घातला. त्या हारात मालकांचं तोंड असं की वर लिंबू पिळलंय. अजून आठवलं की मला हसू फुटतं.

आत्याबाई हसत नव्हत्या. एकदा ह्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं, चेंडू बघावा तशा बघत व्हत्या.

प्रवेशाच्या सकाळी पिशवी घेऊन निघाले, तर त्यांनी हाक मारली. जीभ जड झालेली, तरी एकेक शब्द नीट लावून म्हणाल्या,

"माइक मला का न्हाई दिला कुणी?"

मी म्हणाले, काय बोलला असता, आत्याबाई?

"त्या टाळ्या वाजवणारांच्या घरी नेऊन टाका मला, म्हणले असते."

आन् तोंड भिंतीकडं. मला एसटी गाठायची व्हती. मी गेले.

विद्यापीठात शिपाई म्हणाला, मुलाचा प्रवेश का? पहिल्या तासाला मी वर्गात शिरले तर सगळी पोरं मॅडम समजून उभी राहिली. मी बाकावर बसले तशी ती हसून खाली बसली, आन् एमए होईतोवर मला आजी म्हणाली. शेजारी कुणी बसत नव्हतं. मला त्याचं काही वाटलं न्हाई, पिशवी ठेवायला जागा झाली.

मालकांनी आईचं केलं. करतील न्हाईतर काय, सारं गाव रोज बघायला यायचं. आत्याबाई जाईपर्यंत आमच्या दोघांशी एक शब्द बोलल्या न्हाईत. पाणी लागलं की चांगल्या हातानं ताटली वाजवायच्या. मी परीक्षेचं वाचत बसलेली असायचे, ताटली वाजायची, आन् मालक उठायचे.

आता मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. चेअरमनकी काही पुन्हा चालून आली न्हाई. त्या दोन शाली थंडीत आमी दोघं पांघरतो, ऊब चांगली हाय. सून आलीय, हुशार, नोकरीला पुण्याला जायचं म्हणते, बोलायला आमच्या मालकांहून गोड. माझे गुडघे गेल्यापासून तर जास्तच गोड. परवा पोराला म्हणाली, आईंचा एकदा मोठा सत्कार करू या.

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी मालकांकडं.

घ्या भाऊ, चहा घ्या, मालकांनीच केलाय. तुमच्या लेकीसुनांचं भलं होवो. सुनेला मी म्हटलं, कर बाई सत्कार, कर. ताटली तेवढी हाताशी ठेवून जा.