फिनलंडला दाखवायचा बचत गट

रत्नागिरीच्या एसटी स्थानकात माझ्या मागच्या बाकावर गणवेशातली मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या.

“आई, फिनलंडच्या शाळेतली मुलं आज व्हिडिओवर तुझा बचत गट बघणार आहेत.”

“माझा कसला गट, दीक्षा? कोकम सरबत मी एकटीच करते.”

“शाळेच्या उद्योजकतेच्या प्रकल्पात एआयने तुझा बचत गट आहे असं लिहिलं. मी ते खोडलं नाही. त्यामुळेच फिनलंडवाल्यांनी आम्हाला निवडलं.”

“मग शेजारणींना बसवू?”

“सीताकाकू येते म्हणाली, पण तिला खरंच भागीदारी हवी.”

“तिला? माझी कोकमं वाळत असताना तिने त्यांच्यावर कोंबड्या सोडल्यान!”

“मग काय करू?”

“खरं सांग गो.”

“माझ्याने होणार नाही. तूच सांग ना.”

“मला इंग्रजी कुठे येतं?”

“तू मराठीत बोल. एआय त्यांना इंग्रजीत सांगेल.”

“तो? तो परत माझ्याभोवती बायका बसवील.”