साहेबांनी स्वतःलाच बाहेर काढलं

खोटं वाटेल तुम्हाला, पण आमच्या साहेबांनी स्वतःच्याच कंपनीत स्वतःला कुलूप घातलं होतं.

सर्व्हरवरच्या कोटेशनच्या फोल्डरमधून कोणीतरी दर फोडतंय, असा त्यांना संशय आला. सर्व्हर सांभाळायच्या कांबळे मॅडम. त्यांना म्हणाले, "झाडून सगळ्यांना मनाई लावा."

"सर, त्यात आपणही येता. नुसती बाकीच्यांची नावं परवानगीच्या यादीतून काढू का?"

"अहो, कंपनी माझी आहे! मला कोण अडवणार? लावा."

मॅडमनी काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. साहेब फोल्डर उघडायला गेले, तर 'ॲक्सेस डिनाइड'! बाराच्या आत कोटेशन जर्मनीला जायचं होतं आणि पावणेबारा वाजून गेलेले. साहेब पांढरेफटक.

"काढा हो ती मनाई!"

मॅडमनी मनाई काढायची ओळ टाइप केली आणि हात मांडीवर ठेवले. "सर, दसऱ्याला नागपूरला जायचंय. चार दिवस रजा हवी होती."

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. या माणसानं मला माझ्या लग्नाला दीड दिवस दिला होता!

"अहो मॅडम, हे आत्ता बोलायचं?"

"आत्ता आपण लगेच निर्णय घ्याल, असं वाटलं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाच दिवस घ्या! पण ते एंटर दाबा!"